उजवी रिकीब

दोन्ही रिकिबी एका उंचीवर लोंबत होत्या. बाकी सगळं जिथल्या तिथे होतं. खोगीर तिचंच होतं. पुढच्या उंचवट्यावरचं कातडं सोलवटलं होतं ते तसंच, बसायच्या जागी पडलेला काळपट चकाकता खळगा तसाच. लाकडाच्या एका बिनडोक घोड्यावर ते चढवलं होतं, म्हणजे घोड्याला खरोखरच डोकं नव्हतं, नुसतं पिंपासारखं धड आणि खाली चार खांब. धडाच्या दोन्ही अंगांना पट्टे सोडलेले आणि पट्ट्यांच्या टोकांना पाय अडकवायच्या त्या लोखंडी रिकिबी, घासून चकचकीत केलेल्या. मी आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून, मग समोर येऊन थोडा मागे सरकलो. सारख्या. कोणी दोरी धरून लावाव्यात तशा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लेक बाजूला उभी होती. म्हणाली, छान ठेवलंय ना बाबा. मी तोंड उघडलं असतं तर त्या दालनातल्या सगळ्यांनी ऐकलं असतं. तिनेच मला इथे आणलं होतं. घरात बसून बसून तुमच्यावर बुरशी चढेल असं ती किती तरी दिवस म्हणत होती, आणि आज सकाळी येऊन माझे बूट पुसून दारात ठेवून उभी राहिली, आता काय करता. जुन्या शहराच्या पोटात, गाड्यांना बंदी असलेल्या दगडी गल्लीत हे संग्रहालय आहे. पूर्वी कोणा बड्या घराण्याची पागा होती म्हणे. आता दारात काचेची खोली, तिकिटाची खिडकी, कॉफी, घोड्यांची चित्रं असलेले रुमाल. घोडेस्वारीचं संग्रहालय, आणि घोड्याचा वास नाही. लादी पुसायच्या पाण्याचा लिंबाचा वास. भिंतभर लगाम, चाबूक, नाल, तोंडात अडकवायच्या लोखंडी कड्या, आणि ओळीने खोगिरंच खोगिरं. खोगीरभरती हा शब्द कुठून आला ते इथे समजतं. मला प्रत्येक गोष्टीचा राग येत होता. खिडकीतल्या माणसाने माझं वय न विचारता मला म्हाताऱ्यांचं तिकीट दिलं त्याचा आला. लेक हळू बोलत होती त्याचा आला. बायको गेल्यापासून सगळे माझ्याशी हळूच बोलतात, जणू मी झोपलोय. आणि काय काय बोलतात. सुटली बिचारी, म्हणतात. ती काय कुठे अडकली होती? घोड्यावरून पडली का हो, असंही एकाने विचारलं. जन्मात ती घोड्यावरून पडली नाही. रोग पोटात झाला, पोटातच वाढला आणि आतल्या आत तिला खाऊन मोकळा झाला. पण लोकांना घोडा हवा असतो. घोडा असला की सांगायला बरं पडतं.

तिचा उजवा पाय आखूड होता. जन्मतःच. फार नाही, पण उभी राहिली की कमरेत कळायचं. म्हणून तिच्या खोगिराची उजवी रिकीब नेहमी वर आणि डावी खाली. त्या पट्ट्यांना कोणी हात लावायचा नाही असा तिचा दंडक. तबेल्यातला मोतद्दार घोडा पुसायचा, खोगीर आवळायचा, पण रिकिबी ही स्वतः लावणार. पट्टा खाकेशी धरून हाताच्या लांबीने मापायची, सगळेच स्वार मापतात तशी, आणि मग उजव्या पट्ट्याचं बक्कल वरच्या भोकात चढवायची. माप घेऊन झालं की मान हलवायची, दुकानात कापड पसंत पडल्यावर हलवतात तशी. मी हे लग्नाआधी पाहिलं आणि लग्नानंतरही वर्षानुवर्षं पाहिलं. बाहेर जाताना ती उजव्या पायात जाड तळव्याचा बूट घालायची, चांभाराकडून करून घेतलेला, आणि त्या बुटात तिचं चालणं बरंचसं झाकून जायचं. घरी आली की पहिलं काम बूट काढून भिरकावणं. मग जी काय चालायची ती खरी. एक पाऊल जड, एक हलकं. धप् टक्, धप् टक्. मी लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट मजल्याच्या जराशी वर किंवा खाली थांबली तरी माणूस ठेचकाळतो, म्हणून जन्मभर लोकांच्या इमारतींत मी पातळ्या जुळवत आलो, आणि संध्याकाळी घरी जाऊन ही धप् टक् ऐकत पडायचो. स्वयंपाकघरातून मोरीत, मोरीतून खिडकीत. आता वरच्या मजल्यावरचं जोडपं चालतं ते ऐकू येतं. त्यांची पावलं अगदी सारखी पडतात. एकदा मी झाडूच्या दांड्याने छताला ठोकलं. ते बिचारे खाली येऊन माफी मागून गेले, आवाजाची. मी काय सांगणार, की तुमचे पाय सारखे आहेत हो?

तिला पहिल्यांदा पाहिलं ते घोड्यावरच. शहराबाहेर तिच्या बापाची घोडेस्वारी शिकवायची शाळा होती आणि तबेल्याच्या माळ्यावर गवताच्या पेंढ्या चढवायचा रहाट बिघडला होता. तेव्हा मी नुकताच कामाला लागलेला, मालकाने पाठवलं. माळ्यावरून खाली पाहिलं तर रिंगणात एक मुलगी घोडा फिरवत होती. पाठ अशी ताठ की खांबाला बांधलीय जणू. डोक्यापासून टाचेपर्यंत कुठे वाक नाही. मला घोड्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मांड कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं. मग माझं काम संपलं, मी हात धुतले, पाहुणे आले होते ते गेले, तरी ही घोड्यावरच. घोडा दमलेला, ही दमलेली, रिंगणात कोणी नाही. मी मोतद्दाराला विचारलं, ही उतरत का नाही? तो म्हणाला, मालकांचा हुकूम आहे, लोक फाटकाबाहेर जाईपर्यंत ताईंनी उतरायचं नाही. मला वाटलं काही शिक्षा असेल. मग ती उतरली, आणि माझ्या दिशेने चालत आली, आणि मला कळलं. तिलाही कळलं की मला कळलं. “रहाट झाला का नीट?” तिने विचारलं. मी म्हणालो, झाला, पण परत बिघडेल. ती हसली. पुढे परत बिघडलाही, दोनदा, आणि सासरा शेवटपर्यंत म्हणायचा की माझ्या मुलीपायी या गड्याने माझा रहाट खिळखिळा केला. सासऱ्याला मी त्या एका हुकमापायी कधीच माफ केलं नाही. मुलीला घोड्यावर चढवलं ते तिला घोडे आवडतात म्हणून नाही. वर बसली की पाय दिसत नाही म्हणून. आणि आता इथे, या दालनात, लिंबाच्या वासात, कोणीतरी सासऱ्याचं उरलेलं काम पुरं करून ठेवलं होतं.

माहिती सांगणाऱ्या एक बाई दालनात फिरत होत्या, गळ्यात पट्टी, बोलणं गोड. मी त्यांना बोलावलं आणि विचारलं, या रिकिबी कोणी लावल्या. त्यांना वाटलं मला ज्ञान हवंय. त्या म्हणाल्या, घोड्यावर नेहमी डावीकडूनच चढतात, सगळा भार डाव्या रिकिबीवर येतो, म्हणून डावा पट्टा हळूहळू ताणून लांब होतो. जुन्या खोगिरांत हे हमखास आढळतं. अशी खोगिरं आली की आम्ही दोन्ही बाजू सारख्या करून मांडतो. त्या बरोबरच सांगत होत्या, तेच वाईट. तिच्याही तोंडून मी हे ऐकलं होतं. शाळेतली इतर खोगिरं अशीच एका अंगाला उतरायची आणि मोतद्दार अधूनमधून डावे पट्टे उजवीकडे टाकायचा. घोड्यांत जन्म घालवलेला कोणीही तिचं खोगीर पाहून हेच म्हणाला असता की डावा पट्टा ताणलाय. एक बाई तीस-पस्तीस वर्षं रोज उजवं बक्कल वर चढवते, आणि तिच्यामागे राहतं काय, तर ताणलेला पट्टा. झीज.

“ताणलेला नव्हता,” मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण पलीकडच्या चाबकांपाशी उभे असलेले लोक वळले. मी त्या बाईंना म्हणालो, हे खोगीर माझ्या बायकोचं आहे, तिचा उजवा पाय आखूड होता, तुम्ही कोण तो लांब करणाऱ्या. म्हणालो, विचारायची पद्धत असते, घरात माणूस आहे जिवंत. पण तुम्ही तरी काय करणार, ज्याने आणून दिलं त्यालाच अक्कल नाही. हे मेहुण्याबद्दल. शाळा बंद केली, जमीन विकली, घोडे वाटून टाकले आणि बहिणीचं खोगीर मला न विचारता इथे आणून टेकवलं, हे सगळं त्याचं कर्तृत्व. ही गेली त्या आठवड्यातच खोगीर इथे असल्याचं कानावर आलं आणि मी त्याला फोनवर झाडला होता, भेटायला आलेले लोक बैठकीत बसलेले असताना. वाट्टेल ते बोललो. तो एका शब्दाने उलटला नाही, नुसतं हो भाऊजी, बरं भाऊजी, आणि त्याच्या त्या गरीब गाईच्या सोंगाने माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला होता. बाई घाबरून म्हणाल्या, मी चामड्याचं काम बघतात त्यांना बोलावते, त्यांनीच मांडलंय हे, आणि निघून गेल्या. लेक खाली बघत होती. तिची ही सवय आईची नाही, माझी आहे, खोटं पकडलं जायच्या आधीची.

“मामाने नाही दिलं बाबा,” ती म्हणाली. “आईने दिलं.”

मग तिने सांगितलं. उपचार चालू असताना एकदा तपासणीहून परतताना आईने गाडी इकडे घ्यायला लावली. खोगीर मागच्या डिकीत आधीच होतं, मामाने आणून ठेवलेलं. आईने दोघांनाही बजावलं होतं की बाबांना कळता कामा नये, ते देऊ देणार नाहीत, आणि वाद घालायला आता माझ्यात दम नाही. मी विचारलं, आणि रिकिबी? लेक म्हणाली, ते मला नाही माहीत, मी गाडी लावायला लांब गेले होते, परत आले तेव्हा आई बाकावर बसलेली होती. शपथ, म्हणाली. म्हणजे फोनवर मी त्या माणसाची बिनपाण्याने केली आणि त्याने सगळं पोटात घातलं, बहिणीला शब्द दिला म्हणून. आणि घरात आम्ही दोघंच असायचो. औषधं मी द्यायचो, पाठ मी चोळायचो, रात्री कूस बदलायची तर माझ्या खांद्याला धरून बदलायची, आणि या सगळ्यात हिने बसल्याबसल्या माझ्या पाठीमागे एवढं मोठं कारस्थान तडीला नेलं. त्या दिवशी घरी येऊन ती मला म्हणाली होती, डॉक्टरांनी फार ताटकळत ठेवलं हो. मी त्या डॉक्टरांना शिव्या दिल्या होत्या. तिने त्या निमूट ऐकून घेतल्या होत्या.

चामड्याचं काम बघणारा माणूस आतल्या दारातून आला. माझ्याच वयाचा, अंगात जाड कापडाचा डगला, हात तेलकट. ते त्याने आधी पुसले. त्या दालनात पहिल्यांदा मला तबेल्याचा वास आला, तेलाचा आणि कातड्याचा. तो भांडायच्या तयारीने आला नव्हता, त्यामुळे माझी पंचाईत झाली. त्याने विचारलं, तुम्ही हे खोगीर दिलेल्या बाईंचे मालक का? मी म्हणालो, मालक नाही, नवरा. आणि म्हणालो की या रिकिबी चुकीच्या लावल्यात. तो म्हणाला, मला माहीत आहे. खोगीर आलं तेव्हाच पाहिलं, उजव्या पट्ट्यावर बक्कलाचा वळ वरच्या भोकाशी होता, खोल गेलेला. ताणाने असं होत नाही, हे कोणीतरी मुद्दाम रोज लावलेलं असतं. मी तसंच ठेवणार होतो, म्हणाला. पण बाईंनी ऐकलं नाही. मला हात लावू दिला नाही. बसल्या जागेवरून उठल्या, बक्कल सोडवलं, आणि उजवी रिकीब स्वतः खाली घेतली. बराच वेळ लागला त्यांना.

“का?” मी विचारलं.

तो सावकाश, आठवत आठवत बोलला. बहुधा बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगायचे होते त्याला. “त्या म्हणाल्या, मी वर बसलेली असले की हे कमीजास्त पट्टे मला सरळ ठेवतात. मी नसले की नुसते लंगडतात.”

मी म्हणालो, हे तिच्या बापाचं बोलणं आहे. जन्मभर लपवलं, आता मेल्यावरही लपवायचं. तो माणूस म्हणाला, तसं असेल, मला घरातलं काय ठाऊक. पण लाजलेल्या वाटल्या नाहीत. उलट काम झाल्यावर मागे सरकून पाहिलं आणि मान हलवली. कशी, ते त्याने करून दाखवलं नाही, पण मला दिसली. मला इतका राग आला की डोळ्यांपुढच्या रिकिबी हलायला लागल्या. चाळीस वर्षं मी त्या धप् टक्‌बरोबर राहिलो. मला ते आवडायचं हे तिला माहीत होतं, मी सांगितलं होतं, एकदा नाही, अनेकदा, आणि दरवेळी ती म्हणायची, अहो, तुमचं आपलं काहीतरीच. एरवी अहो, भांडण झालं की अरे. कधी एकदा बसून मला सांगितलं नाही की मला ते असं असं वाटतं. सांगितलं कोणाला, तर एका डगलेवाल्याला, ज्याचं तोंड तिने त्याआधी पाहिलं नव्हतं. कदाचित म्हणूनच सांगता आलं. पण हा विचार माझ्या कामाचा नव्हता. मी म्हणालो, मला ती वर लावायची आहे. माझा हक्क आहे.

तो मला अडवील असं वाटलं होतं, अडवावं असंही वाटत होतं. त्याने नुसती खोगिरासमोरची आडवी दोरी काढली. लेक म्हणाली, बाबा, राहू दे ना. मी पुढे झालो. पट्टा मऊ होता, तेल पाजलेला. वरच्या भोकाशी तो वळ होता, अंगठ्याला लागला, बक्कलाच्या रुंदीचा, कातड्यात खोल रुतलेला. बक्कल सोडवलं, पट्टा ओढला, वळावर बक्कल आणलं, ते आपसूक जाऊन बसलं. मग मागे सरकून पाहिलं. उजवी वर, डावी खाली. आता ते तिचं होतं. मी वाट पाहत राहिलो. कशाची ते मलाच माहीत नाही. खोगीर रिकामं होतं, त्याच्याखाली ते पिंप, आणि दोन्ही बाजूंना दोन लोखंडी कड्या, एक वर एक खाली. जितका पाहत गेलो तितकी ती कमी कमी दिसायला लागली. ताठ पाठ नव्हती. रिंगण नव्हतं. नुसता आखूड पाय तेवढा लोंबत होता.

चाबकांपाशी उभं असलेलं जोडपं सरकत सरकत आमच्याजवळ आलं. नवऱ्याच्या हातात कॅमेरा. बाईने मान एका खांद्यावर टाकून पाहिलं आणि म्हणाली, अहो, हे वाकडं लागलंय. नवरा म्हणाला, जुन्या वस्तू अशाच असायच्या, नाहीतर बसणारा लंगडा असेल कोणी. दोघं हसली. वाईट मनाने नाही. सुट्टीच्या दिवशी माणसं हसतात तशी. त्याने कॅमेरा वर केला. मी मधे जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, जरा बाजूला होता का काका. मी म्हणालो, नाही होत.

पाठ त्यांच्याकडे करून मी पुन्हा बक्कल सोडवलं. वळावरून निघायला ते तयार नव्हतं, मला जोर लावावा लागला. हिने हे कसं केलं असेल, अंगात दम नसताना, आणि तो डगलेवाला बघत उभा, आणि मी घरी डॉक्टरांवर खार खाऊन बसलेलो. मला सांगितलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, हे खरं. आपण भांडलो असतो. तू मला अरे म्हणाली असतीस. मग मीच घेऊन आलो असतो तुला इथे, आणि मीच खाली घेतली असती ती रिकीब, तू नुसतं बाकावर बसून अजून खाली, अजून खाली म्हणत राहिली असतीस. एवढं सुद्धा तुला माझ्यावर सोडता आलं नाही. पट्टा खालच्या भोकापर्यंत सोडला. दोन्ही रिकिबी हातात धरून माप पाहिलं. सारख्या झाल्या. कॅमेरेवाला कंटाळून पुढच्या खोगिराकडे गेला होता.

डगलेवाल्याने दोरी परत लावली. त्याने विचारलं, असंच राहू दे? मी म्हणालो, असंच राहू दे, आणि कोणी विचारलं तर ताणला होता म्हणून सांगा. तो हो म्हणाला. बाहेर गल्लीत ऊन चांगलंच वर आलं होतं. लेकीने माझा दंड धरला. मी वेगाने चालत होतो आणि माझे ओठ हलत होते म्हणे. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, काय पुटपुटताय?

“तुझ्या आईशी भांडतोय,” मी म्हणालो. “तू मधे पडू नकोस.”